मॉरिशसला जाताय? बीच निवडायच्या आधी समुद्रातली पांढरी रेघ बघा

मॉरिशसहून परत आलेल्या चार जणांना विचारा बीच कसे होते, चार वेगळी उत्तरं मिळतील. एक म्हणेल पाणी एकदम क्लिअर, कमरेएवढं, आईसुद्धा उतरली पाण्यात. दुसरा म्हणेल वारा एवढा की टॉवेल अंगावर टिकेना. तिसरीच्या पायात कोरल, म्हणजे प्रवाळ, टोचलेलं असतं आणि चौथ्याने तर धोक्याची पाटी वाचून पाण्यात पायसुद्धा घातलेला नसतो. चौघंही खरंच सांगतायत. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे, पण त्याच्या प्रत्येक बाजूचा समुद्र वेगळा वागतो, आणि आपण मात्र मुंबईत बसून पॅकेजमधलं हॉटेल बघतो, स्विमिंग पूल बघतो, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे का ते बघतो आणि बीच कुठल्या बाजूला आहे हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हॉटेल नंतर बघा, आधी तीन गोष्टी बघा: रीफ, म्हणजे समुद्रातली कोरलची भिंत, कुठे आहे, वारा कुठून येतोय आणि नदी कुठे समुद्राला मिळतेय. हे कळलं की कुठल्याही बीचवर उभं राहून पाच मिनिटांत सांगता येतं की इथे मुलांना सोडायचं की नुसतं बसून बघायचं.

आधी जरा दगडांबद्दल, कारण ते आपल्या घरचे आहेत. मॉरिशस म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेला ज्वालामुखी, साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वीचा, आता शांत. आणि भूशास्त्र असं सांगतं की जमिनीखाली खोल असलेल्या ज्या उष्ण जागेमुळे हे बेट झालं, तीच जागा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या खाली होती, तिच्यातूनच दख्खनचा सगळा काळा कातळ बाहेर आला. मग भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ती जागा मागे राहिली, वाटेत मालदीवच्या खालचे ज्वालामुखी झाले, मग मॉरिशस, आणि आज तीच जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे जिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे अंधेरीचा गिल्बर्ट हिल, बँडस्टँडचे काळे खडक आणि मॉरिशसच्या बीचवरचा काळा दगड हे एकाच घरचे. मला तर हे कळल्यापासून तिथला दगड परका वाटतच नाही. हातात घेऊन बघा, कित्येक दगडांना अनारशासारखी जाळी पडलेली असते, लाव्हा थंड होताना त्यातला वायू बाहेर पडला त्याची ती भोकं. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना असे दगड लगेच ओळखू येतील.

आता मजा अशी की दगड काळा, पण बहुतेक बीच पांढरे. नवीन माणूस तिथे पहिल्यांदा गोंधळतो कारण ज्वालामुखीचं बेट म्हटल्यावर काळी वाळू असणार असं डोक्यात असतं. ती वाळू ज्वालामुखीची नाहीच, ती कोरलची आणि शिंपल्यांची आहे. बेटाच्या भोवती बऱ्याच भागात कोरलची भिंत आहे, लाटा ती फोडत राहतात, पॅरटफिश नावाचे रंगीत मासे कोरल चावून खातात आणि त्याची पूड पोटातून बाहेर टाकतात, हे सगळं वाहत वाहत किनाऱ्याला येतं. उत्तरेच्या पेरेबेर बीचवर मूठभर वाळू तळहातावर घेऊन नीट बघा, पांढरे तुकडे, गुलाबी तुकडे, शंखाची अर्धी वळणं, आणि मधूनच तिळाएवढे काळे कण. ते काळे कण म्हणजे बेट, बाकी सगळं समुद्राने आणलेलं. जिथे काळे कण जास्त तिथे जवळपास नदी किंवा खडक आहे हे समजून जायचं.

तर पहिलं काम, रीफ ओळखणे. किनाऱ्यावर उभं राहून लांब बघा. पाणी फिकट निळं असतं, मग हिरवट, आणि एका ठिकाणी एकदम गडद होतं. त्या गडद होण्याच्या जागेवर फेसाची पांढरी रेघ असते, दिवसभर तिथेच, पुढे येत नाही मागे जात नाही. ती रेघ म्हणजे रीफ. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतमध्ये जे शांत पाणी उरतं त्याला लगून म्हणतात, आपल्या आई-बाबांनी आणि मुलांनी जिथे उतरायचं ते हेच. रेघ लांब आणि सलग असेल तर पाणी शांत. रेघ तुटलेली असेल, मध्ये गडद निळा पट्टा किनाऱ्याच्या दिशेने आत घुसलेला दिसत असेल, तर ती खिंड आहे, तिथले लोक पास म्हणतात, आणि तिच्याकडे पोहत जायचं नाही. कारण लाटा रीफच्या वरून सतत पाणी आत टाकत असतात आणि ते पाणी बाहेर जायला एकच वाट असते, ती खिंड. वरून पाणी छान शांत दिसतं आणि खालून ओढ असते. हे चांगलं पोहता येणाऱ्यांनाच जास्त सांगावंसं वाटतं, कारण न पोहणारे तसेही गुडघ्याच्या पुढे जात नाहीत.

आणि रेघच नसेल तर? तर लाट थेट किनाऱ्यावर आपटते आणि तिथे पोहायचं नाही, विषय संपला. दक्षिणेला सुयाक गावाजवळ ग्री ग्री आहे, तिथे रीफ तुटलेली आहे, काळे कडे, वर हिरवंगार गवत, वारा तोंडावर येतो आणि खाली लाटा अशा फुटतात की बोललेलं ऐकू येत नाही. माझ्या मते अख्ख्या बेटावरची सगळ्यात जबरदस्त जागा हीच. मुंबईचे बरेच लोक इथे दहा मिनिटं फोटो काढून परत गाडीत बसतात, पाण्यात जायला मिळत नाही मग काय करायचं म्हणून. तसं करू नका. कड्यावरून चालत ला रोश की प्लेर नावाच्या खडकाकडे जा, त्याच्यावर लाट येऊन फुटते आणि मग बराच वेळ पाणी खडकावरून ओघळत राहतं, तोवर पुढची लाट येते. बेट मुळात कसं होतं हे इथेच दिसतं, बाकीच्या बीचवर ते वाळूखाली झाकलेलं आहे. मुलांचा हात मात्र घट्ट धरा, कड्याच्या टोकाला जायचं नाही आणि खाली वाळू दिसते म्हणून पायऱ्या उतरून पाण्यात तर अजिबातच नाही. जवळच रोचेस्टर धबधबा आहे, तिथे लाव्हा थंड होताना तडकून झालेले उभे खांब दिसतात, गिल्बर्ट हिल बघितलेली मुलं तिथे लगेच ओरडतील.

दुसरी गोष्ट वारा. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली साधारण २० अंशांवर आहे, आपण वर १९ अंशांवर, म्हणजे ऋतू बरोब्बर उलटे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस तेव्हा तिकडे हिवाळा, आणि आग्नेयेकडून वारा जोरात वाहत असतो. तो वारा पूर्वेच्या किनाऱ्याला आधी भेटतो. त्यामुळे पावसाळ्यात स्वस्त तिकीट मिळालं म्हणून जाणार असाल तर पूर्वेला बेल मारचं हॉटेल घेऊ नका, बीच सुंदरच आहे, लांबच लांब, सूर्योदय तर काय वर्णावा, पण त्या दिवसांत वाळू अंगावर उडते आणि पाण्यातून बाहेर आल्यावर कुडकुडायला होतं. त्यापेक्षा उत्तर किंवा पश्चिम धरा, मधले डोंगर आणि पठार वारा अडवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळी, सगळ्यात बेस्ट, पाऊस कमी, वारा कमी झालेला, पाणी कोमट व्हायला लागलेलं. मे महिन्याची सुट्टीसुद्धा चांगली, हवा थंड होत असते पण समुद्र अजून गरम असतो. जानेवारी ते मार्च पाणी मस्त गरम पण चक्रीवादळांचा काळ, तेव्हा जायचंच असेल तर एखाद-दुसरा दिवस हॉटेलात जाईल असं धरूनच चाला. आणि हिवाळ्यात सूर्य पावणेसहालाच बुडतो हे लक्षात ठेवा, आपण मुंबईकर चारला घराबाहेर पडून सात वाजता चौपाटीवर पोचणारे, तिथे तोवर काळोख झालेला असतो. घड्याळ तिकडे दीड तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे आपोआप जाग येते, त्याचा फायदा घ्या आणि सकाळी आठच्या आत पाण्यात उतरा, ऊन कमी, गर्दी नाही, वाराही बहुतेक पडलेला असतो.

तिसरी नदी. कोरलला गोडं पाणी आणि चिखल चालत नाही, म्हणून जिथे नदी समुद्राला मिळते तिथे रीफ तुटते. तामारिनचा बीच हे त्याचं सरळ उदाहरण. नदीचं मुख, रीफमध्ये मोकळी जागा, त्यामुळे लाटा आत येतात, म्हणून सर्फिंगवाले तिथे जमतात. वाळू थोडी करडी, नदी डोंगरातला काळा चुरा आणून टाकते म्हणून. पाऊस पडून गेल्यावर पाणी गढूळ दिसतं. लोक म्हणतात तामारिनचा बीच फोटोतल्यासारखा नाही, अहो पण तो वेगळाच बीच आहे, संध्याकाळी तिथे बसून सर्फिंग करणारी पोरं बघायची, मागे डोंगर, सकाळी लवकर डॉल्फिन बघायच्या बोटी जातात. बोटींबद्दल मात्र माझं मत आहे, ज्या बोटी डॉल्फिनच्या कळपाला घेराव घालतात आणि लोकांना त्यांच्या पुढ्यात उड्या मारायला लावतात त्यांच्याबरोबर जाऊ नका. बुकिंग करतानाच विचारा की लांबून दाखवणार का. उत्तर टाळलं तर दुसरी बोट बघा.

आता कोणी कुठे जायचं ते. लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर उत्तरेला ट्रू ओ बिश, पाणी उथळ आणि शांत, हॉटेलं-दुकानं चालत जाण्याएवढी जवळ. त्याच्या बाजूलाच मों श्वाझी, लांबलचक, मागे सुरूची झाडं, ज्यांना गर्दीतून लांब चालत जायला आवडतं त्यांच्यासाठी. पेरेबेर छोटा पण पाण्यात पटकन खोली येते, म्हणून पोहणाऱ्यांना आवडतो. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, सूर्यास्तासाठी एक नंबर, पाण्याच्या कडेला कोरलचे तुकडे असतात हे खरं, त्याचा उपाय बूट, खाली सांगते. नैऋत्येला ल मॉर्न, ५५६ मीटरचा सरळसोट कातळ आणि त्याच्या पायाशी पांढरा बीच, अर्ध्या भागात वारा खात पतंग लावून सर्फिंग करणारे आणि दुसऱ्या बाजूला शांत पाणी. हा डोंगर नुसता सीनरी म्हणून बघू नका, पळून आलेले गुलाम या कातळावर लपून राहायचे, २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला तो त्यासाठी. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामी संपली आणि त्याच सुमाराला ऊसाच्या मळ्यांसाठी भारतातून मजूर नेणं सुरू झालं, त्यात आपल्या रत्नागिरीकडची माणसंही गेली. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.

पूर्वेला ट्रू दो दूसहून बोटीने इल ओ सेर्फला नेतात, सगळ्या पॅकेजमध्ये असतंच. लगून खरंच अप्रतिम आहे पण बोटी उतरतात तिथेच सगळे बसतात आणि वॉटर स्पोर्ट्सवाले मागे लागतात, तुम्ही सरळ किनाऱ्याने दहा-पंधरा मिनिटं चालत पुढे जा, बीच रिकामा होत जातो.

रविवार कुठे घालवायचा हे नीट ठरवा. माझं सांगणं, कुठल्यातरी पब्लिक बीचवर. त्या दिवशी अख्खं मॉरिशस सुरूच्या झाडांखाली येऊन बसतं, पातेल्यात बिर्याणी, डबे, चटया, आजी खुर्चीवर, पोरं पाण्यात, कुठेतरी रावान नावाची मोठी डफली वाजत असते आणि बायका सेगा नाचत असतात. गाडीवर धोल पुरी मिळते, चण्याच्या डाळीचं सारण भरून लाटलेली पातळ पुरी, दोन एकावर एक ठेवून त्यात बीन्सची भाजी आणि तिखट चटणी घालून गुंडाळून कागदात देतात, उभ्या उभ्याच खायची. गातो पिमां म्हणजे डाळवडेच, फक्त आकाराने छोटे. व्हेज खाणाऱ्यांची तिथे चिंताच नाही. रिसॉर्टमध्ये बुफेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे हजार पटीने चांगलं, आणि बीचवर बसायला कोणाची परवानगी लागत नाही, मोठ्या हॉटेलसमोरची वाळूसुद्धा पाण्याच्या कडेला सगळ्यांचीच असते, फक्त खुर्च्या त्यांच्या.

सामान काय न्यायचं. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट, मुंबईतच घेऊन टाका, घरातल्या प्रत्येकाला. चप्पल चालत नाही, पाण्यात निघून जाते. खाली कोरलचे धारदार तुकडे असतात, समुद्री साळूचे काटे असतात, आणि कधी कधी स्टोनफिश, हा मासा हुबेहूब दगडासारखा पडून राहतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी. दगडांमध्ये हात घालायचा नाही, पाय सरकवत चालायचं. काटा लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा, घरगुती उपाय करत बसू नका.

दुसरं, स्नॉर्कलिंगचा, म्हणजे पाण्यावर तरंगत तोंड बुडवून खालचं बघायचा, मास्क. बोटीवर देतात तो कोणाच्या तोंडाला बसेल सांगता येत नाही. दुकानात मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडून द्यायचा, चिकटून राहिला तर बसला. ज्यांना मिशी आहे त्यांच्या मास्कमध्ये ओठाच्या वरून पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावलं की काम होतं. चष्मा असेल तर नंबरचे मास्क मिळतात, घ्याच, नाहीतर पैसे देऊन सगळं धूसर बघून याल. आणि जायच्या आधी एखाद्या पूलमध्ये तोंडाने श्वास घ्यायची सवय करून घ्या, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवायचं, सावकाश श्वास, घाई नाही. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून बघता येतं.

तिसरं, अंगभर कपडे. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, आणि लेगिंग. सूर्य तिथे भाजून काढतो, ढग असले तरी, आणि पाठीला सनस्क्रीन लावून अर्धा तास पोहलात की ते पाण्यात जातं, म्हणजे कोरलवर जातं. अंग झाकलं की दोन्ही प्रश्न सुटतात. आपल्याकडच्या मावशी-काकूंनाही त्यात मोकळं वाटतं.

पाण्यात गेल्यावर कोरलवर उभं राहायचं नाही. दमलात तर पाठीवर तरंगा किंवा वाळूचा पांढरा पट्टा शोधून तिथे पाय टेका. जे दगड वाटतात ते जिवंत प्राणी आहेत आणि त्यांना वाढायला वर्षानुवर्षं लागतात. आधीच गरम पाण्यामुळे तिथलं बरंच कोरल पांढरं पडून मेलंय. त्यात २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ पॉइंट देस्नीच्या रीफवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून साधारण हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा तिथली माणसं सरकारची वाट बघत बसली नाहीत, ऊसाचं पाचट पोत्यांत भरून त्यांच्या लांब माळा शिवल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. ज्या लोकांनी आपल्या लगूनसाठी एवढं केलंय त्यांच्या कोरलवर आपण सेल्फीसाठी उभं राहणं मला खरंच सहन होत नाही.

भरती-ओहोटीचं आपल्यासारखं टेन्शन नाही. मुंबईत पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, तिथे जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे दादर-जुहूसारखा समुद्र आत निघून गेलाय असं कधी होत नाही. फक्त ओहोटीला लगून अजून उथळ होतं आणि पोट कोरलला घासतं, म्हणून स्नॉर्कलिंग भरतीच्या आसपास करा, बोटवाल्याला विचारलं की तो वेळ सांगतो.

फिरायला गाडी भाड्याने घेता येते, ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून. गाडी असेल तर सकाळी वाऱ्याचा अंदाज बघून बाजू बदलता येते, पूर्वेला वारा सुटलाय तर पश्चिमेला जा, तासा-दीड तासात बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचता. एकाच हॉटेलात सात रात्री काढण्यापेक्षा अर्धे दिवस उत्तरेला आणि अर्धे ल मॉर्नच्या बाजूला असं केलंत तर दोन वेगळी बेटं बघितल्यासारखं होतं.

ब्लू बे शेवटच्या दिवसासाठी ठेवा, एअरपोर्टच्या अगदी जवळ आहे. तो मरीन पार्क आहे, मासेमारीवर कडक बंधनं, त्यामुळे कोरल आणि मासे बघायला बेटावरची सगळ्यात चांगल्या जागांपैकी एक, आणि ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाच्या बोटी आहेत. फ्लाइट संध्याकाळची असेल तर सकाळी तिथे दोन तास सहज मिळतात. ओल्या कपड्यांसाठी कापडी पिशवी घरूनच न्या, तिकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. बूट तिथेच झटकून धुऊन घ्या, आणि मुलांच्या खिशात शंख, कोरलचे तुकडे आहेत का ते बॅग बंद करायच्या आधी तपासा, कोरल देशाबाहेर नेता येत नाही आणि एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात.